आवाजावर आवाज

माझा नवरा खोटे दात बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, तो त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात बसवतो, घासतो, चकाकी आणतो आणि कधीही न पाहिलेल्या माणसाचं हसू डबीत घालून परत पाठवतो. मी कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. सासूबाई म्हणतात, दोघं मिळून अजून एक डोकं पुरं होत नाही, नाक-डोळे बाहेरूनच आणावे लागतील. त्यांचा स्वतःचा वरचा जबडा मुलाच्या हातचा आहे, त्यामुळे त्यांना काय वाटेल ते बोलायचा हक्क आहे.

चाळिशी ओलांडल्यावर काहींना गुडघे धरतात, ह्याला गिटारने धरलं. म्हणजे गिटार कॉलेजपासून होतीच, कपाटाच्या मागे. ती एक दिवस बाहेर आली आणि नवऱ्याने जेवताना जाहीर केलं की तो अल्बम करणार आहे. स्वतः लिहिणार, स्वतः वाजवणार, स्वतः रेकॉर्ड करणार. पॉवर पॉप.

“म्हणजे काय?” सासूबाईंनी विचारलं.

“गिटार जोरात, चाल गोड, आणि गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे. रडायचं असेल तर उड्या मारत रडायचं.”

“मग सरळ रड ना,” सासूबाई म्हणाल्या. “उड्या मारल्या की खालचे भाडेकरू वर येतात.”

ते आलेच. पण त्याआधी झोपायच्या खोलीचं रूप पालटलं. गाद्या भिंतीला उभ्या झाल्या, माझ्या साड्यांच्या कपाटात माईक गेला, इस्त्रीच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. बेस तो स्वतः वाजवायचा, गिटार स्वतः, ड्रमसुद्धा कुणाकडून तरी जुने आणून स्वतः. ड्रममध्ये त्याला गती नव्हती. ठेका मध्येच अडखळायचा आणि मग उशीर झालेल्या माणसासारखा धावत सुटायचा. मी म्हटलं, एखादा वाजवणारा बोलाव, दोन दिवसांचं काम. तो म्हणाला, दुसरा कुणी नको. “दुसरा” ह्या शब्दाकडे मी तेव्हा कानाडोळा केला. माझ्या धंद्याला ते शोभत नाही, पण घरात माणूस धंद्यावर नसतो.

गाणी वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. नवऱ्याचं कौतुक करायची मला सवय नाही आणि त्याला ऐकायचीही नाही. पण भांडी घासताना त्या चाली माझ्या तोंडात यायला लागल्या, आणि ज्या चाली माणसाच्या परवानगीशिवाय तोंडात येतात त्या चांगल्याच असतात. सगळी गाणी कुणातरी “तू”ला उद्देशून होती. थांब, सांग, ऐक, परत ये, मला विसरशील, विसरू नकोस. मागे गिटारींचा कल्लोळ आणि वर नवऱ्याचा उंच, थोडा घोगरा आवाज. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, “एवढ्या हाका मारतोय, ती बहिरी आहे का? तुझ्याकडे पाठव म्हणावं तपासायला.”

बाकी सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की ती म्हणजे मी. नणंद फोनवर म्हणाली, “वहिनी, नशीब काढलंत. आमच्याकडे वाढदिवसाची तारीखसुद्धा ओरडून सांगावी लागते.” दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, नवऱ्याने अख्खा अल्बम लिहिल्यावर कसं वाटतं. मी हसले. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, आणि दाखवायचे माझ्या घरीच तयार होतात.

कारण मला माहीत होतं, ती मी नाही. गाण्यातली “तू” सायकलचं हँडल सोडून उतारावरून जाणारी होती. मला सायकल येत नाही. ती जिन्यातून शिट्टी वाजवत वर यायची. मी शिट्टी वाजवायला गेले तर फक्त थुंकी उडते. आणि मुख्य म्हणजे ती प्रत्येक गाण्यात उशिरा यायची, त्याला ताटकळत ठेवायची. मी स्टेशनवर गाडीच्या इतकी आधी पोचते की हमाल मला ओळखतात. नवऱ्याला माझ्यासाठी आयुष्यात कधी थांबावं लागलेलं नाही. कदाचित तीच माझी चूक झाली असेल.

मत्सर वाटला का? वाटला. मी दगड नाही. ही बाई कोण, एवढं मला कळायला हवं होतं. आणि त्याखाली आणखी एक इच्छा होती, जी मी स्वतःशीसुद्धा हळूच बोलायचे: इतक्या गाण्यांत एखादं तरी माझं निघावं. छोटं असलं तरी चालेल. मग मी संशयाचे उद्योग सुरू केले. त्याच्या लॅबला काम पाठवणारी एक दंतवैद्यबाई होती, तिचे ठसे नेहमी उशिरा यायचे. काही दिवस तिच्यावर काढले. मग ती एकदा घरी आली, माझ्या हातचं जेवली, सासूबाईंचा जबडा बघून नवऱ्याला शाबासकी देऊन गेली. जिना चढून येतानाच तिला धाप लागली होती. जिन्यात शिट्टी वाजवणं ह्या बाईच्या आवाक्यातलं नव्हतं.

मग “शेवटची रांग” आलं. ते त्याने सगळ्यात शेवटी लिहिलं, आणि ऐकता ऐकता माझ्या हातातला चहा गार झाला. गाण्यात एक हॉल होता, हिरवे पंखे होते, पाहुणे पांगत होते. मग गिटार थांबायची आणि तो म्हणायचा:

खुर्च्या मिटत होत्या, दिवे विझत होते,
उशिरा का होईना, तू आलीस,
आणि मी जागच्या जागी खलास.

हिरव्या पंख्यांचा हॉल माझ्या ओळखीचा होता. आमचं लग्न सही करून झालं आणि जेवण त्या हॉलमध्ये. खुर्च्या भाड्याच्या होत्या, वेळेत परत करायच्या होत्या, म्हणून आम्ही दोघं उभेच होतो तेवढ्यात कामगार त्या मिटायला लागले. म्हणजे ती बाई माझ्या लग्नाला आली होती. माझ्याच लग्नात, माझ्या शेजारी उभा राहून, माझा नवरा दुसऱ्या कुणाला बघून जागच्या जागी खलास झाला होता. मी लग्नाला आलेल्या सगळ्या बायका एकेक करून आठवल्या. उशिरा आलेली एकही आठवेना. बायका जेवणाला वेळेवर येतात.

त्याला मी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने कानावर हात ठेवले असते. मी फक्त म्हणाले, “यमक जुळत नाही तुझं. आलीस, खलास. बाकीच्या गाण्यांत यमकासाठी दोन दोन दिवस घासतोस, इथेच कसं सुटलं?”

“पॉपमध्ये चालतं,” तो म्हणाला आणि गिटार सुरात लावायला घेतली. ती सुरातच होती.

खालच्या भाडेकरूंनी दुसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा फक्त गायन रेकॉर्ड करायचं उरलं होतं. माझ्या दवाखान्यात ऐकण्याच्या तपासणीसाठी एक बंद खोली आहे. लोखंडी दार, भिंतींना जाड भोकाभोकाचं अस्तर, एक खुर्ची आणि काच. आतल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्याच्या कानावर हेडफोन असतो, हातात एक बटण असतं. आवाज ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, की काचेच्या ह्या बाजूला माझ्या यंत्रावर दिवा लागतो. एवढीच तपासणी. डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवसासाठी किल्ली दिली, वर म्हणाले की कव्हरवर दवाखान्याचं नाव टाका, निदान गाणं ऐकून कान बिघडलेले लोक कुठे यायचं ते वाचतील.

सुट्टीच्या दुपारी आम्ही जायचो. तो आत उभा राहून गायचा, मी बाहेर कॉम्प्युटरसमोर बसून बटणं दाबायची. एक गाणं तो दोनदा गायचा. पहिला आवाज झाला की तोच हेडफोनमध्ये ऐकत त्यावर पुन्हा तंतोतंत तेच गायचं. दोन्ही एकावर एक ठेवले की आवाज जाड होतो, भरल्यासारखा वाटतो. ह्याला तो आवाजावर आवाज म्हणायचा. अट एकच, शब्दांची टोकं जुळली पाहिजेत. प्रत्येक “स”, प्रत्येक “त” एकाच जागी पडला पाहिजे, नाहीतर फाटक्या पिशवीतून तांदूळ सांडल्यासारखं ऐकू येतं. ह्यात मी त्याच्यापेक्षा बरी होते. दिवसभर मी लोकांना शब्द ऐकवते आणि त्यांनी काय ऐकलं ते बघते. मी “पाट” म्हणते, ते “पाठ” म्हणतात. भांडणं अर्धी त्यातूनच होत असावीत.

“शेवटची रांग”चा पहिला आवाज आदल्या सुट्टीला झाला होता. त्या दुपारी दुसरा घेतला. तो डोळे मिटून गायला, एका दमात, आणि मला वाटलं ह्या वेळी फार चांगलं झालं. मी दोन्ही आवाज एकत्र लावून ऐकले. सगळं बसत होतं. फक्त एका शब्दावर आवाज फाटत होता.

मी मागे जाऊन पुन्हा ऐकलं. उशिरा का होईना, तू. आणि मग तो शब्द, दोन तोंडांनी बोलल्यासारखा. मी दुसरा आवाज बंद केला. आलीस. पहिला बंद करून दुसरा लावला.

आलास.

उशिरा का होईना, तू आलास, आणि मी जागच्या जागी खलास.

यमक जुळलं. इतकं सहज जुळलं की दुसरं काही कधी लिहिलंच नसणार, हे सासूबाईंनाही कळलं असतं. डोळे मिटल्यावर त्याच्या तोंडून मूळचं आलं होतं. मग बाकीची गाणी आठवली. थांब, सांग, ऐक, येशील, विसरशील. सगळीकडे आज्ञार्थ आणि भविष्यकाळ. आपल्या भाषेत माणूस नुसता आला म्हटलं तरी तो पुरुष की बाई ते सांगावं लागतं, पण “ये” म्हणताना सांगावं लागत नाही. माझा नवरा अख्खा अल्बमभर “ये”च म्हणत राहिला होता. फक्त ह्या एका गाण्यात कुणीतरी खरोखर आलं होतं, आणि तिथे तो अडकला.

लग्नाला उशिरा काड्या आला होता. कॉलेजात ह्याच्याबरोबर ड्रम वाजवायचा तो. अंगाने काडी, हातात सतत काड्या, म्हणून काड्या. सायकलवरून आला होता, केस विस्कटलेले, शर्टाची एक बाही वर आणि एक खाली. खुर्च्या बहुतेक मिटून झाल्या होत्या. नवऱ्याने स्वतः जाऊन त्याच्यासाठी शेवटच्या रांगेत एक खुर्ची उघडली. नेमका तेव्हाच फोटोवाल्याने फोटो काढला, त्यात मी एकटी आहे आणि हसते आहे. घरात त्या फोटोवरून अजून थट्टा चालते, नवरदेव पळाला म्हणून. नंतर काड्याला लांब कुठल्याशा गोदामात नोकरी लागली, तो गेला, तिकडे त्याचं लग्न झालं, मुलं झाली. आमच्याकडे त्याचं नाव निघत नसे. आता मला कळलं, ते निघत नव्हतं असं नाही, कुणीतरी ते काढत नव्हतं.

मला काय वाटलं ते सांगायला हवं. आधी सुटल्यासारखं वाटलं, की ती दंतवैद्यबाई नाही, कुणीच बाई नाही. ते फार टिकलं नाही. बाई असती तर मी तिच्याशी स्वतःची तुलना केली असती, नाक, केस, स्वयंपाक, काहीतरी. इथे तुलनेला जागाच नव्हती. मी स्पर्धेत नव्हतेच. मग फार एकटं वाटलं.

तो आत वाट बघत उभा होता. मी बोलायचं बटण दाबलं.

“ऐकू येतंय?”

त्याने मान हलवली.

“दुसऱ्या आवाजात तू ‘आलास’ म्हणालास.”

तो काचेतून माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मी इतकी वर्षं बघत आले आहे. त्यावर दिसण्यासारखं काही उमटलं नाही. खोटं बोलायचं ठरवत असावा, किंवा न बोलायचं. पेशंटचं बटण खुर्चीच्या हाताला लटकलेलं असतं, ते त्याने चाळा म्हणून हातात घेतलं होतं.

“काड्या?” मी विचारलं.

माझ्या यंत्रावर दिवा लागला.

मी ह्या दिव्याची दिवसभर वाट बघत असते. तो लागला की बरं वाटतं, पेशंटला ऐकू येतंय म्हणून. त्या दुपारी तो लागला आणि लागलेलाच राहिला, कारण नवरा बटण सोडायला विसरला होता.

मग तो बाहेर आला आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या बाकावर बसला. मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“कधीपासून?”

“कॉलेजपासून.”

“आणि त्याचं?”

“त्याला माहीत नाही. कुणालाच नाही.”

“आता मला आहे.”

“हो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “मी तुला कधी काही कमी पडू दिलं नाही.”

हे खरं होतं. पगार हातात आणून द्यायचा, मी आजारी पडले तर रात्रभर बसायचा, माझ्या आईच्या आजारपणात तिचे दात त्याने स्वतः जाऊन बसवले. वाईट नवरा असता तर त्या दुपारी मला सोपं गेलं असतं.

“गाणं असंच ठेव,” मी म्हणाले. “पहिला आवाज पुन्हा घेऊ. आलास म्हण.”

“लोक काय म्हणतील?”

“लोकांना तीन मिनिटांचं गाणं ऐकू दे आधी.”

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. एखादा अवघड जबडा बसत नसतो आणि मग कुठे घासायचं ते सापडतं, तेव्हा तो असा दिसतो. “मग तूच गा ना हे,” तो म्हणाला. “तुझा आवाज बरा आहे, भांडी घासताना गातेस तेव्हा ऐकलाय मी. तुझ्या तोंडी ‘तू आलास’ कुणालाच खटकणार नाही. सगळ्यांना वाटेल, तू माझ्यासाठी गातेस. मी मागे ड्रम वाजवीन.”

तो मनापासून बोलत होता. त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, उलट माझ्यावर उपकार केल्यासारखा खूश होता. मला इतका राग आला की कान गरम झाले. काड्याचा नव्हे, गाण्याचाही नव्हे. माझ्या तोंडी शोभतं, एवढ्यासाठी मी हवी होते. आत्ताच नाही, हिरव्या पंख्यांखाली उभी होते तेव्हापासून. मी शेजारी असले की त्याची सगळी वाक्यं व्याकरणात बसत होती.

“नाही,” मी म्हणाले. “ह्याच्यापुढे तुझं तू म्हणायचं.”

आवाज चढवला नव्हता मी. तरी तो उठून उभा राहिला.

“जमणार नाही मला.”

“मघाशी जमलं की.”

“डोळे मिटले होते.”

“मग मीट. माझ्याकडे बघून गा असं मी कुठे म्हणते आहे?”

तो दारापाशी थांबला. गेलं वर्षभर जे विचारायचं होतं ते मला तेव्हा विचारता आलं. आता त्यात लाज उरली नव्हती.

“एक सांग. ह्या सगळ्यात माझं एखादं आहे?”

त्याने लगेच उत्तर दिलं नाही, ह्याचं मला आजही बरं वाटतं. तो खरोखर आठवत होता. एकेक गाणं मनात लावून बघत असावा, कुठे माझी सावली सापडते का. कुठलीही एक ओळ काढून माझ्या हातावर ठेवली असती तर मी विश्वास ठेवला असता. मी तयार होते.

“नाही,” तो म्हणाला.

“बरं,” मी म्हणाले. “आत जा.”

लोखंडी दार लागलं. मी गाणं सुरुवातीला आणून ठेवलं, बटण दाबलं आणि तो गायला लागला. पंखे, पाहुणे, खुर्च्या. मग तो शब्द त्याने म्हटला, पूर्ण, शेवटच्या “स”पर्यंत, आणि मला तो माणूस आवडला. लग्नात मला जो आवडला होता त्याच्यापेक्षा जास्त. दोन्ही आवाज आता बरोबर जुळत होते, पडद्यावरच्या रेषा बघूनच कळत होतं. आत त्याचे डोळे मिटलेले होते. मी बाहेर मोठ्याने रडले, तोंडावर हात न ठेवता. त्याला ऐकू जाणार नव्हतं, ती खोली त्याचसाठी बांधलेली असते.